शिक्षेचा परिच्छेद

खुनाच्या खटल्याचा निकाल लागतो तेव्हा ‘फाशी’ किंवा ‘जन्मठेप’ असा एक शब्द आपल्या फोनवर येऊन पडतो. त्याखाली ‘योग्यच झालं’पासून ‘एवढ्यावरच सोडला?’पर्यंत कॉमेंट्स येतात आणि संध्याकाळपर्यंत दुसरा विषय सुरू झालेला असतो. तो एक शब्द कसा ठरला, हे मात्र न्यायाधीशांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रं फुकट वाचायला मिळतात. मी सॉफ्टवेअर लिहितो, कायदा शिकलेलो नाही. पण एखादा निर्णय कुठल्या पायऱ्यांनी घेतला गेला ते उलगडून बघायची सवय या कामात लागतेच. त्या सवयीने ही निकालपत्रं वाचली. तुम्हीही ती वाचावीत, आणि गद्य म्हणून वाचावीत, असं मला वाटतं. शिक्षा कशी ठरते याचं उत्तर कलमांपेक्षा त्या गद्यात जास्त सापडतं.

अशा निकालपत्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रश्न असतो: खून आरोपीनेच केला का? हा भाग लांबलचक, रटाळ आणि बरेचदा चांगला असतो. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत व्यक्तीला आरोपीबरोबर शेवटचं कुणी पाहिलं, हत्यार कुणाच्या सांगण्यावरून कुठून काढलं, साक्षीदार उलटतपासणीत कुठे अडखळला. प्रत्येक विधानामागे साक्षीदाराचा नंबर किंवा कागदाचा निशाणी क्रमांक असतो. पुराव्याशिवाय एक वाक्य पुढे सरकत नाही.

मग ‘शिक्षेबाबत’ असं उपशीर्षक येतं आणि भाषा बदलते. नंबर संपतात, विशेषणं सुरू होतात. निर्घृण, पाशवी, थंड डोक्याने केलेला, समाजमनाला हादरवणारा. आरोपीच्या वकिलाचं म्हणणं बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपतं: आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे. त्याच्या पुढच्याच वाक्यात ते म्हणणं फेटाळलेलं तरी असतं किंवा मान्य केलेलं तरी. आधीची ऐंशी पानं ज्या काटेकोरपणाने लिहिली, तो काटेकोरपणा माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आला की दोन पानांत गळून पडतो. माझी तक्रार या दोन पानांबद्दल आहे.

कायदा इथे न्यायाधीशांना फार मदत करत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 302 घ्या किंवा आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम 103 घ्या, खुनाला शिक्षा दोनच: मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि सोबत दंड. कुठली शिक्षा कधी द्यायची, हे कलमात नाही. ते थोडंफार कळतं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून, आणि तिथला इतिहास बघण्यासारखा आहे. 1898 च्या संहितेत नियम असा होता की खुनाला फाशी दिली नाही, तर का दिली नाही याची कारणं लिहा. 1955 च्या दुरुस्तीने ती अट काढली. 1973 च्या नव्या संहितेने गाडी उलट फिरवली: फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणं’ लिहा. म्हणजे डिफॉल्ट बदललं. आधी फाशी गृहीत होती आणि जन्मठेपेचं समर्थन करावं लागायचं. आता जन्मठेप गृहीत आहे आणि फाशीचं समर्थन करावं लागतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हीच रचना आहे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हीदेखील जुनी तरतूद टिकून आहे.

1973 च्या संहितेने आणखी एक गोष्ट आणली. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकायचं. मानवत हत्याकांडावरची वेब सीरिज 2024 मध्ये बऱ्याच जणांनी पाहिली. तोच खटला 1977 साली सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा या सुनावणीवर चर्चा झाली होती. ही सुनावणी उपचार म्हणून उरकायची नाही, आणि खालच्या न्यायालयात ती राहून गेली असेल तर वरच्या न्यायालयाने आरोपीला आपली माहिती मांडायची संधी द्यावी, असं तिथे ठरलं. पुढे 1989 साली अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात न्यायालयाने सांगितलं की दोषी ठरवल्यावर शिक्षेची सुनावणी शक्यतो पुढच्या तारखेला ठेवा. साधी गोष्ट आहे. ज्याला आत्ताच खुनी ठरवलंय त्याला त्याच दुपारी ‘बोल, तुला फाशी का देऊ नये?’ असं विचारलं, तर तो काय बोलणार?

या सगळ्याचा मूळ दस्तऐवज म्हणजे 9 मे 1980 चा बच्चन सिंग खटल्याचा निकाल. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी फाशीची शिक्षा घटनेत बसते असं म्हटलं, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच द्यायची, जेव्हा जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बाद झालेला असेल तेव्हाच. आपल्याकडे बातम्यांत या अटीचा पहिला अर्धा भाग पोचला, दुसरा वाटेत कुठेतरी पडला. ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ म्हणजे ‘फारच भयंकर’ असा अर्थ रूढ झाला. मूळ निकाल म्हणतो ते वेगळं आहे. गुन्हा बघा आणि गुन्हेगारही बघा, दोन्ही. न्या. सरकारिया यांनी लिहिलेल्या या बहुमताच्या निकालात ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी सुचवलेली, शिक्षा सौम्य करू शकणाऱ्या गोष्टींची यादी आहे: वय, मानसिक ताण, कुणाच्या दबावाखाली केलेलं कृत्य, सुधारण्याची शक्यता. आणि त्यातली एक ओळ फार महत्त्वाची आहे. हा माणूस सुधारणार नाही, हे सरकारने पुराव्याने सिद्ध करायचं. म्हणजे दुसऱ्या भागातही पुरावा हवा, विशेषणं नकोत.

या निकालाने कुठलंही पक्कं सूत्र द्यायला नकार दिला. इंजिनियरला हे खटकेल, पण मला तो नकार पटतो. माणसं इतक्या तऱ्हेची असतात की आधीच चौकटी आखल्या तर त्यात न बसणारा पहिलाच माणूस चिरडला जाईल. गंमत अशी, की ज्याच्या नावाने हा निकाल ओळखला जातो तो बच्चन सिंग त्यात सुरुवातीला थोडक्यात येतो आणि मग घटनात्मक चर्चेत दिसेनासा होतो. ‘गुन्हेगाराकडे बघा’ असं सांगणाऱ्या निकालपत्रातच गुन्हेगार फारसा नाही. तत्त्व मिळालं, नमुना मिळाला नाही. ते तत्त्व वापरून लिहिलेला एक चांगला परिच्छेद त्याच निकालपत्रात असता, तर पुढची चाळीस वर्षं कदाचित वेगळी गेली असती.

पाचवे न्यायमूर्ती भगवती यांनी विरोधी मत दिलं. त्यांची सविस्तर कारणं 1982 साली आली. त्यांचा मुख्य मुद्दा होता की फाशी मनमानी पद्धतीने पडते, खंडपीठावर कोण बसलंय यावर ती अवलंबून राहते आणि तिचा भार गरिबांवर जास्त येतो. हा मुद्दा तात्त्विक वाटत असेल तर त्याच वर्षी निकाल लागलेला हरबन्स सिंग खटला वाचा. उत्तर प्रदेशातल्या एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनाबद्दल तिघांना सारखीच फाशी झाली होती. तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले, पण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे. जीता सिंगची याचिका 1976 साली फेटाळली गेली. कश्मीरा सिंगची फाशी 1977 साली जन्मठेपेत बदलली. हरबन्स सिंगची याचिका 1978 साली फेटाळली. 6 ऑक्टोबर 1981 ला जीता सिंगला फाशी देण्यात आली. त्याच दिवशी हरबन्स सिंगलाही द्यायची होती. त्याने पुन्हा अर्ज केला आणि तो थोडक्यात वाचला. पुढे न्यायालयाने त्याची फाशी कमी करावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली.

एक खटला, सारखा आरोप, सारखा पुरावा, तीन वेगळे शेवट. या निकालपत्रात न्यायालयाने आपल्याच कार्यालयाबद्दल खंत व्यक्त केली आहे: कश्मीरा सिंगची शिक्षा बदलल्याची नोंद हरबन्स सिंगच्या कागदांबरोबर पुढे यायला हवी होती. आणि पुढच्यासाठी सूचना दिली, की फाशी देण्यापूर्वी तुरुंग अधीक्षकाने सहआरोपीची शिक्षा कमी झाली आहे का हे स्वतः तपासावं. दोन फायली एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत म्हणून एक माणूस मेला, असं हे निकालपत्र जवळजवळ म्हणतं. त्याची भाषा शांत आहे. मी वाचलेल्या निकालपत्रांपैकी सगळ्यात अस्वस्थ करणारं हेच आहे.

बच्चन सिंगनंतर तीनच वर्षांनी, 1983 साली, माछी सिंग खटला आला. पंजाबात वैरातून एका रात्रीत पाच गावांत सतरा माणसं मारली गेली होती. तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने फाशी कधी द्यावी याचे पाच प्रकार सांगितले: खून करण्याची पद्धत, हेतू, कृत्याचं समाजविरोधी स्वरूप, गुन्ह्याची व्याप्ती आणि बळी गेलेली व्यक्ती कोण होती. पाचही प्रकार गुन्ह्याबद्दलचे आहेत, गुन्हेगाराबद्दलचा एकही नाही. बच्चन सिंगचं तत्त्व इथे नाकारलेलं नाही. उलट, शिक्षा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या गोष्टींचा ताळेबंद मांडा असंही सांगितलंय. पण वाक्यांचा कर्ता बघा. बच्चन सिंगमध्ये तो ‘न्यायालय’ असतो, इथे तो ‘समाज’ होतो. समाजाचा सामूहिक विवेक इतका हादरला आहे का, की न्यायाधीशांचं वैयक्तिक मत काहीही असलं तरी त्यांनी फाशी द्यावी अशी तो अपेक्षा करेल? ही कसोटी वाचायला भारदस्त आहे. पण समाजाचा विवेक हादरला हे सिद्ध करायला साक्षीदार क्रमांक किती, निशाणी क्रमांक किती?

ताळेबंदाची कल्पनाही दिसते तितकी साधी नाही. 2012 च्या संगीत खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिलं, की एका बाजूला गुन्ह्याच्या गोष्टी आहेत आणि दुसऱ्या बाजूला माणसाच्या. त्यांची वजाबाकी होऊ शकत नाही. किलोतून मीटर वजा करता येत नाहीत, तसंच. जो न्यायाधीश अशी वजाबाकी केल्याचं लिहितो, त्याने निर्णय आधीच घेतलेला असतो.

यानंतर जे झालं त्याला आमच्या धंद्यात कॉपी-पेस्ट म्हणतात. डिसेंबर 1995 मध्ये रावजी खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप महत्त्वाचं, गुन्हेगार नव्हे. हे पाच न्यायमूर्तींच्या बच्चन सिंग निकालाच्या सरळ विरुद्ध होतं. 1996 साली रावजीला फाशी झाली. ते विधान मात्र पुढच्या निकालपत्रांत उतरत राहिलं. 2009 साली बरियार खटल्यात न्या. सिन्हा यांच्या खंडपीठाने मागे जाऊन बघितलं आणि रावजीचा निकाल बंधनकारक निर्णय विचारात न घेता दिलेला होता असं नोंदवलं. त्याचा आधार घेतलेले आणखी सहा निकाल तिथे मोजून दाखवले आहेत. 2012 साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. सॉफ्टवेअरमध्ये चुकीची ओळ सापडली की आपण जुनं व्हर्जन परत आणतो. इथे काही लोकांचं जुनं व्हर्जन उरलेलं नव्हतं.

बरियारचं निकालपत्र मराठी वाचकाने आवर्जून वाचावं. घटना पुण्यातली, 2001 ची. नोकरीच्या शोधातल्या काही तरुणांनी खंडणीसाठी ओळखीच्याच मुलाला पळवलं, मारलं आणि प्रेताचे तुकडे करून टाकून दिले. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ लिहायला एवढं पुरे. न्यायालय तिथे थांबत नाही. ते विचारतं: प्रेताची विल्हेवाट भयंकर आहे, पण त्यावरून हे लोक सुधारण्यापलीकडचे आहेत हे सिद्ध होतं का? ते सराईत खुनी आहेत का? सरकारने त्याबद्दल काय पुरावा दिला? लोकांना काय वाटतं यावर शिक्षा ठरवली, तर न्यायालयाचं काम उरतं कुठे? शेवटी फाशीची जन्मठेप होते. या निकालपत्रात विशेषणं जवळपास नाहीत आणि गुन्ह्याचं वर्णन टाळलेलंही नाही. दुसऱ्या भागात पहिल्या भागाची शिस्त आणता येते, हे इथे दिसतं.

आता कुणीही विचारेल तो प्रश्न: आणि मेलेल्या माणसाचं काय? त्याची गोष्ट कोण सांगणार? प्रश्न खरा आहे. घरातलं माणूस गमावलेल्यांना मारेकऱ्याचं बालपण ऐकवणं यात एक क्रूरपणा आहेच. पण नीट बघितलं तर विशेषणांनी भरलेल्या परिच्छेदातही मेलेला माणूस नसतो. तिथे त्याच्या जखमा असतात, वारांची संख्या असते. तो कसा मेला हे कळतं, कसा जगत होता ते नाही. फाशीच्या परिच्छेदाला त्याची गरज पुरावा म्हणूनच असते.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. आरोपीचं आयुष्य न्यायालयापुढे आलं की दया येईलच असं नाही. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लीला बेणारेचं सगळं खासगी आयुष्य त्या खेळातल्या कोर्टापुढे उघडं केलं जातं, आणि माहितीचा प्रत्येक तुकडा तिच्याविरुद्ध वापरला जातो. काशीकरांच्या शिक्षेला कृत्याशी काही देणंघेणं उरत नाही, बाई कशी आहे याच्याशीच असतं. खऱ्या न्यायालयातही गरिबी कधी सहानुभूतीचं कारण ठरते, कधी ‘अशांचं पुढे काय होणार’ या शंकेचं. म्हणून माणसाची गोष्ट नुसती मागवून भागत नाही. ती कुणी गोळा केली, आरोपीच्या बाजूने कुणी मांडली आणि ती पुराव्यासारखी तपासली का, हे बघावं लागतं.

मे 2022 च्या मनोज खटल्यातलं निकालपत्र इथे एक पाऊल पुढे जातं. इंदूरमध्ये दरोड्याच्या वेळी एकाच घरातल्या तीन स्त्रियांचा खून झाला होता. न्यायालयाने फाशी बदलून किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. ‘किमान’ हा शब्दही अलीकडचा आहे: फाशी आणि चौदा वर्षांनंतर सुटकेची शक्यता असलेली जन्मठेप यांच्यामधली ही जागा 2008 च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात तयार झाली आणि 2015 साली पाच न्यायमूर्तींनी ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरती मान्य केली. पण मनोज खटल्याचं खरं महत्त्व पुढच्या सूचनांत आहे. आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन, कुटुंब, शिक्षण, गरिबी, लहानपणी सोसलेली हिंसा, तुरुंगातली वागणूक, हे सगळं न्यायालयापुढे आलं पाहिजे आणि खालच्या न्यायालयापासूनच आलं पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेची ही सुनावणी अर्थपूर्ण कशी करायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

‘मग हे एआयला करू द्या की, निदान सगळ्यांना सारखा नियम लागेल,’ असं माझ्या क्षेत्रातले लोक लगेच म्हणतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की ज्या रकान्यात माणूस यायला हवा तो रकाना इतकी वर्षं रिकामाच राहिला आहे. रिकाम्या रकान्यावर कुठलंही मशीन चालवलं तरी ते गुन्ह्याचीच विशेषणं मोजणार, फक्त जास्त वेगाने.

शेवटी महाराष्ट्रातलाच एक खटला. 2003 साली नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना दोषी ठरवलं गेलं. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती; 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशी केली आणि सहाही जण फाशीच्या रांगेत आले. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं. मार्च 2019 मध्ये, पुनर्विचारानंतर, सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच लोकांचे फोटो ओळखून दाखवले होते आणि त्यांची चौकशीच झाली नव्हती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला न्यायालयाने सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती.

इथे कुणी म्हणेल, ही चूक पहिल्या भागातली आहे, शिक्षेच्या परिच्छेदाचा दोष नाही. मला तसं वाटत नाही. 2009 साली कुणी त्या सहा जणांबद्दल, म्हणजे गुन्ह्याबद्दल नाही तर त्या माणसांबद्दल, चार प्रश्न विचारले असते तर एकाचं वय तरी तेव्हाच कळलं असतं. गुन्हा इतका भयंकर होता की माणसांकडे बघायची गरजच वाटली नाही.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर तो एक शब्द आला, की जमलं तर निकालपत्र उघडा आणि सरळ ‘शिक्षेबाबत’ या मथळ्यावर जा. वाक्यं मोजा. किती गुन्ह्याबद्दल आहेत, किती समाजाबद्दल, आणि ज्याला शिक्षा होणार आहे त्याच्याबद्दल किती. शेवटच्या रकान्यात शून्य असेल, तर शिक्षा फाशी असो वा जन्मठेप, ती ठरवण्याचं काम अजून झालेलं नाही असं खुशाल समजा.